मजबूत कुणाचं?

"अण्णा, मजबूत हे विशेषण आहे," मी पुन्हा एकदा सांगितलं.

"मग?"

"मग काय! वस्तूचा नुसता गुण सांगणारा शब्द कायदा एकट्याच्या नावावर करून देत नाही. उद्या कुणी साखरेला 'गोड' असं नाव घेईल आणि बाकीच्यांना म्हणेल, आता तुम्ही कुणी गोड म्हणायचं नाही. चालेल का?"

अण्णांनी वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे पाहिलं. "साखर गोड असतीच. कपाट मजबूत असतंच असं न्हाई."

एवढं बोलून त्यांनी चष्मा खाली ओढला आणि ठिणग्या पुन्हा उडायला लागल्या. मी हातातली फाइल धरून मागे सरले. वकिली सुरू करून मला जेमतेम काही महिने झाले होते. कोल्हापुरात चौगुले वकिलांच्या हाताखाली मी ट्रेडमार्कची कामं शिकत होते, आणि माझा पहिला स्वतंत्र पक्षकार कोण, तर माझेच वडील. पहिला पक्षकार बाप नसावा, असं मी तेव्हापासून प्रत्येक नव्या वकिलाला सांगत आले आहे.

जयसिंगपुरात आमचं लोखंडी कपाटांचं वर्कशॉप होतं. अण्णा आणि सुकुमारकाका या दोघा भावांनी ते उभं केलं. पत्रा कापण्यापासून रंग मारण्यापर्यंत सगळं दोघंच करायचे. प्रत्येक कपाटाच्या दारावर एक पितळी पट्टी असायची आणि तिच्यावर एकच शब्द, 'मजबूत'. शिरोळ तालुक्यातल्या लग्नांत रुखवताशेजारी आमचं कपाट उभं असायचं. लोक 'कपाट घेतलं' म्हणायचेच नाहीत. "पोरीला एक मजबूत दिलं," असं म्हणायचे.

मग भाऊ वेगळे झाले. कशावरून, ते घरात कुणी मला नीट सांगितलं नाही. काकांनी सांगली रोडला शेड टाकली आणि तिथेही 'मजबूत' हीच पाटी लावली. बरीच वर्षं अण्णा काही बोलले नाहीत. आणि मी वकील झाल्याबरोबर एके दिवशी जेवताना म्हणाले, "त्रिशला, ते नाव आपल्या नावावर करून घे."

मला वाटलं, भावावरचा राग आहे. दुसरं काय वाटणार?

मी त्यांना समजावलं, की नाव बदलू. ज्याचा कपाटाशी काही संबंध नाही असं एखादं नाव घेऊ, ऐरावत म्हणा, गरुड म्हणा. असली नावं कायद्याला आवडतात, पटकन मिळतात. अण्णा म्हणाले, "मी काय हत्ती विकतोय?" आई आतून हसली. मी हसले नाही.

एकच वाट उरत होती. गुण सांगणारा शब्द असला, तरी वर्षानुवर्षं वापरून तो लोकांच्या मनात एकाच माणसाच्या मालाशी जोडला गेला असेल, तर तो मिळू शकतो. पण ते सिद्ध करावं लागतं. जुनी बिलं लागतात, जाहिराती लागतात, आणि गिऱ्हाइकांची शपथेवरची निवेदनं लागतात. जाहिरात अण्णांनी जन्मात केली नव्हती. बिलं उंदरांनी खाल्ली होती. राहिली गिऱ्हाइकं. म्हणून मी स्कूटर काढली आणि गावोगाव हिंडायला लागले.

नांदणीच्या उपाध्ये मास्तरांकडे सगळ्यात आधी गेले, कारण त्यांच्या शब्दाला वजन होतं. त्यांनी माझा कागद वाचला आणि परत दिला.

"'मजबूत म्हणजे भूपाल मगदूम यांचे कपाट असे मी समजतो.' हे लिहून द्यायचं?"

"हो, मास्तर."

"उद्या सूर्य पूर्वेला उगवतो हेही लिहून मागशील. अगं, जे सगळ्यांना ठाऊक आहे त्याला सही कशाला?"

"सगळ्यांना ठाऊक आहे म्हणूनच हवी आहे."

"म्हणजे माझ्या सहीशिवाय ते खोटं होतं?" मास्तरांना अपमानच वाटला. चहा दिला, सही दिली नाही.

दानोळीत एका आजीबाईंनी मला हाताला धरून घरात नेलं, कपाट दाखवलं, त्यावर हात फिरवला. "तुझ्या बाचं हाय गं. माझ्या लग्नातलं न्हवं, माझ्या लेकीच्या लग्नातलं. अजून दार वाजत न्हाई." मी हरखून कागद पुढे केला, तर म्हणाल्या, "आणि नातीला सुकुमारचं घेतलं. तेबी मजबूतच. दोघंबी तुम्हीच की!"

"आजी, आम्ही आता वेगळे आहोत."

"भाऊ वेगळं हुत्यात व्हय कधी?"

मी पेनाचं टोपण लावलं.

तरीही गोळा होत गेली निवेदनं. काहींनी सही केली, काहींनी अंगठा दिला, एकाने अण्णांच्या नावाआधी 'देवमाणूस' असं घुसडलं, ते मला खोडायला लावावं लागलं. आमचा अर्ज सरकारी जर्नलमध्ये जाहीर झाला आणि अपेक्षेप्रमाणे काकांनी हरकत घेतली. त्यांचे वकील होते निमकर. त्यांनी लिहिलं होतं की मजबूत हा मराठीतला रोजच्या वापरातला शब्द आहे, तो कुणाच्या बापाचा नाही. शब्द वेगळे होते, अर्थ तोच. शेवटी एक वाक्य होतं: या नावामुळे कोणत्याही गिऱ्हाइकाची एकदाही फसगत झालेली नाही.

ते वाक्य वाचून मी अण्णांना विचारायला वर्कशॉपवर गेले. पुढे कुणी नव्हतं. मागच्या पत्र्याच्या छपराखाली अण्णा एका कपाटाचं दार बसवत होते. त्यांच्यामागे अशीच आणखी चार-पाच कपाटं उभी होती, कुणाचा कप्पा वाकलेला, कुणाची बिजागरी निखळलेली. मला नवल वाटलं. आमच्या कपाटाची बिजागरी निखळलेली मी कधी पाहिली नव्हती. मी एका दारावर बोटाने टिचकी मारली. ते बिस्किटाच्या डब्यासारखं वाजलं.

"हे आपलं नाही."

अण्णा स्क्रू पिळत राहिले.

"अण्णा, हा पत्रा किती पातळ आहे! हे काकांचं आहे. इथं कसं आलं?"

"गिऱ्हाइकानं आणलं."

"आपल्याकडे?"

"पट्टीवर 'मजबूत' आहे. मजबूत म्हणजे कोण? लोक हितंच येणार की."

हळूहळू, एकेक शब्द ओढून काढत, मला सगळं कळलं. काकांच्या मालाच्या तक्रारी कितीतरी दिवसांपासून आमच्याकडे येत होत्या. नांदणीच्या एका नव्या नवरीच्या पायावर दार निखळून पडलं होतं. तिचा बाप टेम्पोत कपाट घालून आला आणि बाजारच्या दिवशी, भर गर्दीत, अण्णांना वाट्टेल ते बोलला. अण्णांनी हात जोडले, त्याला नवं कपाट दिलं आणि जुनं ठेवून घेतलं. ते माझं नाही, असं म्हणाले नाहीत.

"का नाही म्हणालात?"

"पोरीचा पाय सुजला हुता. त्या वेळी काय सांगत बसू, की माझं न्हाई, भावाचं हाय?"

मला मात्र आनंदाने काही सुचेना. याच्याइतका उत्तम पुरावा जगात नसेल! शब्द लोकांच्या मनात एकाच माणसाशी जोडला गेला आहे, इतका, की दुसऱ्याचा मोडका मालही ते याच माणसाच्या दारात आणून टाकतात. आणि फसगत एकदाही झाली नाही म्हणणारे निमकर! मी मोबाइल काढून फोटो घ्यायला लागले.

अण्णांनी हात आडवा घातला. "हे कागदावर यायचं न्हाई."

"काय?"

"एक अक्षर यायचं न्हाई."

"अण्णा, यावरच केस आहे! हे दिलं तर जिंकू. नाही दिलं तर हरू, इतकं साधं आहे."

"सुकूच्या दोन पोरी लग्नाच्या हायत. त्यांचा बाप पातळ पत्र्याची कपाटं विकतो, दार पोरीच्या पायावर पडतंय, असं सरकारी कागदावर आलं तर त्यांना कोण करून घेईल?"

"मुंबईच्या ट्रेडमार्क ऑफिसातले कागद वाचून कुणी सोयरीक ठरवत नाही!"

"एकदा लिहिलं की लिहिलं."

"मग केस कशाला केलीत?"

"त्यानं ते नाव काढावं म्हणून."

"आणि ते का काढावं, हे सांगायचं नाही?"

"न्हाई."

मी रडायच्या बेताला आले होते. घरी येऊन आईपुढे भडाभडा बोलले. आई पोळ्या लाटत होती. म्हणाली, "तुझ्या बापाला मी आजवर एकदाच पटवू शकले. लग्नाला हो म्हण म्हणून. तेही तेव्हा तो गप्प होता, म्हणून मी होय धरलं."

सुनावणीच्या आदल्या दिवशी आम्ही मुंबईला पोचलो आणि धर्मशाळेत उतरलो. आमच्या गावातले लोक मुंबईत दुसरीकडे कुठे उतरतच नाहीत, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. संध्याकाळी दिवस मावळायच्या आत जेवायला खाली गेलो, तर समोरच्या पंगतीत सुकुमारकाका बसलेले. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि ताट उचलून तोंड भिंतीकडे करून बसले. अण्णांनी आपलं पान दुसऱ्या भिंतीकडे वळवलं. दोघं भाऊ एकमेकांकडे पाठ करून आमटी-भात जेवले. मी दोघांच्या मधोमध होते.

जेवण झाल्यावर अण्णांनी पिशवीतून एक डबा काढला. आईनं दिलेली भडंग होती.

"सुकूला नेऊन दे. मुंबईचं खाणं त्याला सोसत न्हाई."

"अण्णा, मी उद्या त्यांच्याविरुद्ध उभी राहणार आहे!"

"उद्या ना? आज दे की."

विरुद्ध बाजूच्या पक्षकाराशी थेट बोलायचं नाही, हा वकिलीतला पहिला धडा. मी डबा घेऊन काकांच्या खोलीपाशी गेले, दार ठोठावलं आणि न बोलता डबा पुढे केला. काकांनीही न बोलता तो घेतला. झाकण उघडून वास घेतला. "वहिनीनं लसूण कमी घातलाय," एवढंच पुटपुटले आणि दार लावलं.

सुनावणीची खोली लहान होती. अधिकारी बाई मध्यमवयीन होत्या, टेबलावर फायलींची चळत होती. त्यांना मराठी येत होतं, त्यामुळे बोलणं मोकळं होतं. निमकर आधी बोलले, आणि छान बोलले. सिमेंट मजबूत असतं, दोरखंड मजबूत असतो, पूल मजबूत असतो. लोकांच्या तोंडातला शब्द एका दुकानदाराच्या कुलपात कसा घालायचा, असं त्यांनी विचारलं. मग माझ्या निवेदनांवर आले.

"गिऱ्हाइकांना हे नाव ओळखीचं आहे, हे मी मान्य करतो. पण ओळखीचं असणं वेगळं आणि एकाचंच असणं वेगळं. दोघेही भाऊ इतकी वर्षं हेच नाव वापरत आहेत. एकतरी गिऱ्हाईक चुकून एकाऐवजी दुसऱ्याकडे गेलं का? तसा एकही दाखला अर्जदारांनी दिलेला नाही. एकही नाही."

मी उभी राहिले. निवेदनांबद्दल बोलले, वर्षांबद्दल बोलले, लग्नांबद्दल बोलले. जे बोलायचं होतं तेवढं मात्र गिळलं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"तुमचे अर्जदार स्वतः आलेत ना? खरं तर अशा सुनावणीत मी पक्षकारांना विचारत नाही. पण साधा प्रश्न आहे. मगदूमसाहेब, दुसऱ्याचं कपाट घेऊन चुकून कुणी तुमच्याकडे आलं, असं कधी झालंय?"

मी वळून अण्णांकडे पाहिलं. जितकं डोळ्यांनी सांगता येतं तितकं सांगितलं. काका पलीकडच्या खुर्चीवर खाली मान घालून बसले होते.

"न्हाई," अण्णा म्हणाले.

"एकदाही नाही?"

"न्हाई बाई."

मी फाइल मिटली. संपलं होतं. बापाने स्वतःच्या तोंडाने स्वतःची केस बुडवली होती, आणि तीही धडधडीत खोटं बोलून.

तेवढ्यात खुर्ची करकरली.

"खोटं बोलतोय ह्यो!"

काका उभे राहिले होते. चेहरा लालबुंद. निमकरांनी त्यांची बाही धरली, त्यांनी ती हिसकली.

"मॅडम, खोटं बोलतोय. माझी कपाटं ह्याच्याकडं जातात. मोडली की ह्याच्याकडं जातात. सगळ्या तालुक्याला ठाऊक हाय! ह्यो ती फुकट दुरुस्त करून देतोय, वर लोकांच्या शिव्या खातोय, आणि हितं येऊन म्हणतोय न्हाई! काय मोठेपणा! लहानपणापास्नं असाच. चूक मी करायची आणि मार ह्यानं खायचा, आणि मग आयुष्यभर मी मान खाली घालून हिंडायचं!"

"गप बस, सुकू," अण्णा म्हणाले.

"न्हाई बसत! नांदणीला मी स्वतः गेलतो. त्या पोरीच्या बापाला म्हटलं, पैसे परत देतो. तो म्हणाला, 'मजबूतवाल्यांनी नवं दिलंय, तुम्ही कोण?' मी कोण! माझ्याच कपाटाबद्दल मला इचारतोय, तुम्ही कोण!"

निमकर छताकडे पाहत होते.

बाई म्हणाल्या, "तुम्ही हे तुमच्याच विरुद्ध बोलताय, कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय की. मग काय करू? ह्यो मला खोटं बोलायची तरी संधी देतोय का? त्यातबी पुढं!"

बाईंच्या ओठांच्या कडा किंचित हलल्या. त्यांनी पुढची तारीख दिली आणि म्हणाल्या, की हे शपथेवर लिहून आलं तर त्याचा विचार करता येईल.

बाहेर व्हरांड्यात मला वाटलं, आता दोघं गळ्यात पडतील. गळ्यात कसले पडतात! अण्णाच काकांवर तुटून पडले.

"तुला कुणी बोलायला सांगितलं हुतं? पोरींचा विचार केलास?"

"पोरींचा विचार मी करीन! तू माझ्या पोरींचा विचार करायचं आधी बंद कर!"

"अक्कल न्हाई तुला."

"तुझ्यापेक्षा हाय!"

निमकर माझ्याजवळ येऊन उभे राहिले. दोघं वकील एका बाजूला आणि दोघं पक्षकार दुसऱ्या बाजूला. "माझ्या तीस वर्षांच्या वकिलीत असं कधी झालं नाही," ते म्हणाले. मी म्हटलं, "माझी दोनच झाली आहेत, आणि मला आत्ताच पुरे झाली."

अण्णा चिडून पाणी प्यायला निघून गेले. काका भिंतीला टेकले. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"तुला त्यानं सांगितलं न्हाई ना, नाव का पायजे ते?"

"नाही. कितीदा विचारलं."

"वेगळं झालो त्या दिवशी म्हणाला, पत्रा पातळ घ्यायचा तर घे, तुझी मर्जी. पण पट्टीवर तुझं नाव लाव. मी म्हटलं, का? नाव दोघांनी मिळवलंय. तर म्हणाला, 'लोकांनी तुला शिव्या द्यायच्या तर तुझ्या तोंडावर देऊ देत. माझ्यापुढं येऊन देतील, आणि मग मला तुझी बाजू घ्यावी लागंल.'" काकांनी नाक ओढलं. "मला वाटलं, नाव हडपायला बघतोय. म्हणून जिद्दीनं तेच लावलं."

इतके महिने मी ज्याला भावकीचा राग समजत होते, ते हे होतं.

काकांनी खरोखरच शपथपत्र दिलं. निमकरांनी त्यांना तीन वेळा बजावलं, तरी दिलं. मग हरकतही मागे घेतली. 'मजबूत' अण्णांच्या नावावर झालं. प्रमाणपत्र आलं तेव्हा अण्णांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "सुकूनं काय नाव घेतलं?"

काकांनी अजून काहीच घेतलं नव्हतं. महिनाभराने ते माझ्या कोल्हापूरच्या ऑफिसात आले, खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "मलाबी एक करून दे. पण पुन्हा असली मारामारी नको."

"मग कपाटाशी संबंध नसलेलं नाव घ्या."

त्यांनी बराच विचार केला. "पारिजात," म्हणाले. "तुझ्या काकूच्या माहेरच्या दारात हुता. पण पारिजातकाचा नि कपाटाचा काय संबंध?"

"काही नाही. म्हणूनच मिळेल."

आणि मिळालं. एक आक्षेप नाही, एक हरकत नाही, एक सुनावणी नाही. 'मजबूत'साठी मी जेवढा घाम गाळला त्याच्या शंभराव्या हिश्शात 'पारिजात' मिळालं, याचा मला त्या वेळी संतापच आला.

प्रमाणपत्र द्यायला मी काकांच्या शेडवर गेले, ती पावसाळा संपल्यानंतरची एक दुपार होती. नवी पाटी लागली होती. काका पत्र्याचा नवा गठ्ठा मोजून घेत होते. मी सवयीने टिचकी मारून पाहिली. आवाज भरीव आला. काका म्हणाले, "बघतेस काय, जाडच आणलाय," आणि चिडल्यासारखं दुसरीकडे पाहिलं.

तेवढ्यात रस्त्यावरून एक टेम्पो आत वळला. मागे एक कपाट आडवं बांधलेलं होतं. अर्ज करताच नव्या नावाने विकलेल्या पहिल्या खेपेतलं, जुन्या पातळ पत्र्याचं. एक धिप्पाड शेतकरी खाली उतरला, दारावरची पट्टी बोटाने दाखवत गरजला:

"पारिजातवाला कोण हाय हितं?"

काकांनी सवयीने गावाकडच्या रस्त्याकडे पाहिलं, जिकडे अण्णांचं वर्कशॉप होतं. मग हातातला पत्रा खाली ठेवला, पँटीला हात पुसले आणि पुढे झाले.

"मीच," ते म्हणाले. "घ्या खाली. आणि बोला काय बोलायचं ते."